कुएलीच्या टेकडीवरच्या अनोळखी माणसांचे आभार

६ जानेवारीला आईला घेऊन गोव्यातल्या कासावलीजवळच्या कुएलीच्या टेकडीवर गेले होते. तिथे रेमेदियुस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, कपेलात (छोट्या चर्चमध्ये) बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचं फेस्त, म्हणजे उत्सव, असतं. कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतला एकेक मुलगा राजा होऊन घोड्यावरून वर येतो. आम्ही हिंदू, पण नव्या वर्षाचं पहिलं दर्शन सायबिणीचं, हा आईचा जुना नेम.

या वेळी चूक माझीच. गाडी खाली लांब ठेवली आणि तिला भर उन्हात चालवलं. अर्ध्या चढावर ती मटकन खाली बसली.

पाठीमागून येणाऱ्या चार मुलांनी काही न विचारता खाज्याच्या दुकानातली प्लास्टिकची खुर्ची आणली, आईला तीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून वर सावलीत नेलं. अंगावर फेस्ताचे नवे इस्त्रीचे शर्ट, घामाने चिंब. दुकानवाल्या बाईने लिंबूसोडा दिला, पैसे घेतलेच नाहीत. "भियेनाका, माये," म्हणत ती आईचे पाय मांडीवर घेऊन तळवे चोळत राहिली. समोर गिऱ्हाइकांची रांग, तरीही! माझ्याच्याने एवढं झालं नसतं.

राजे आले तेव्हा त्याच मुलांनी गर्दी बाजूला करून खुर्ची पुढे सरकवली. आईने बसल्या जागेवरून हात जोडले.

नावं विचारायची राहिली. आई आता बरी आहे, आणि त्या बाईंच्या सोड्याचे पैसे अजून माझ्याकडेच आहेत.