शीर भरली नाही, स्नायू फाटलाय

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पोलीस भरती निघाली की तुमच्या पेपरात किती जागा, किती अर्ज, ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी कधी हे सगळं येतं, पण ग्राउंडच्या आधीच जी पोरं मांडी धरून घरी बसतात त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी स्वतः खो-खो खेळलोय, आता वय झालं, पण सकाळी मैदानावर जातो आणि दर हिवाळ्यात तेच बघतो.

माझ्या पुतण्याचंच सांगतो. दोन वर्षं अकादमीत तयारी करत होता. डिसेंबरातली थंडी, नीट वॉर्मअप नाही आणि सरळ शंभर मीटर फुल स्पीडने मारायला लावलं. साठ-सत्तर मीटरला मांडीच्या मागे कट्कन झालं आणि लंगडत थांबला. सगळे म्हणाले शीर भरली, चोळून घे. लगेच गरम तेल आणि जोर लावून मालीश. तिसऱ्या दिवशी मांडी काळीनिळी, डाग पार गुडघ्याच्या मागेपर्यंत उतरलेला. दहाव्या दिवशी दुखायचं थांबलं, पोरगं खूश, गोळी खाऊन पुन्हा पळालं आणि परत त्याच जागी फाटलं, या वेळी पहिल्यापेक्षा जास्त. ग्राउंड हुकलं. दोन वर्षांची मेहनत होती हो, घरात आठ दिवस कुणी धड जेवलं नाही.

मला वाटतं अर्धा घोळ या 'शीर भरली' शब्दातच आहे. गोळा येणं वेगळं, तो पाय ताणला की सुटतो. व्यायामाचं अंग दुखणं वेगळं, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं, दोन्ही पायांत असतं आणि आपोआप जातं. पण पळता पळता एका क्षणी, एका जागी चमक आली आणि तिथे बोट ठेवून दाखवता येतं, तर तिथे स्नायूचे धागे तुटलेत असं समजायचं. मांडीच्या मागे बसायच्या हाडापासून गुडघ्याखालपर्यंत तीन स्नायू असतात, त्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात. जोरात पळताना पाय पुढे जाऊन जमिनीला टेकायच्या जरा आधी हे स्नायू ताणले जात असतात आणि त्याच वेळी पायाला ब्रेकही लावत असतात, तिथेच फाटतात. म्हणून वर्षभर सोळाशे मीटरच्या संथ राउंड मारणारं पोरगं शंभर मीटरलाच मांडी धरतं. भरतीच्या ग्राउंडला सोळाशेला 20 मार्क, शंभरला 15, गोळाफेकीला 15, त्यामुळे शंभर सोडून चालत नाही हे मान्य, पण मग स्पीड आठवड्या-आठवड्याने वाढवा ना.

फाटलं की आत रक्त साकळतं. पहिले दोन-तीन दिवस मालीश, शेक, ताणून बघणं, काही म्हणजे काही करायचं नाही. क्रेप बँडेज बांधा, पाय उंचावर ठेवा, दुखत असेल तर कापडात गुंडाळून थोडा वेळ बर्फ लावा. कबड्डीत मांडीला गुडघा लागून मुका मार बसतो त्याला तर अजिबात चोळू नका, साकळलेल्या रक्ताच्या जागी कधीकधी चक्क हाड तयार होतं आणि गुडघा वाकेनासा होतो.

आता दुसरी चूक, नुसतं पडून राहणं. 1978 साली अमेरिकेतल्या डॉ. गेब मिर्किन यांनी विश्रांती आणि बर्फाचा फॉर्म्युला दिला, जगभर तोच चालला, पण पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की जास्त बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने भरून यायला उशीर होऊ शकतो. दोन-चार दिवसांनी दुखणार नाही एवढं चालायचं, मग झोपून टाचांवर कंबर उचलायची, मग हलकं जॉगिंग. नवीन धागे कामाला लावल्याशिवाय बळकट होत नाहीत. थोडं फाटलं असेल तर एक ते तीन आठवडे, जास्त असेल तर महिना-दोन महिने, पूर्ण तुटलं तर कित्येक महिने आणि कधी ऑपरेशनसुद्धा. दुखणं आधी जातं आणि ताकद नंतर येते, माझा पुतण्या नेमका इथेच फसला.

पोरं म्हणतात तेवढा वेळ कुठे आहे काका. त्यांना मी भालाफेकवाल्या नीरज चोप्राचं सांगतो. जुलै 2022 मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपला 88.13 मीटर टाकून सिल्व्हर घेतलं, जांघेत दुखापत झाली म्हणून लगेचची कॉमनवेल्थ सोडली, जिथे तो आधीचा गोल्डवाला होता. साधारण महिन्याने स्वित्झर्लंडमधल्या लोझानला 89.08 टाकून जिंकला. त्याच्या पाठीशी फिजिओ होते, आपल्या पोरांच्या पाठीशी कोण आहे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या अकादमी पोरांकडून फी घेतात त्यांनी आठवड्यातून एकदा तरी फिजिओ बोलवावा. तालुका क्रीडा संकुलातही तशी सोय व्हावी. आणि गुडघ्यावर उभं राहून, जोडीदाराने घोटे धरायचे आणि आपण हळूहळू पुढे झुकत जायचं, हा व्यायाम रोजच्या तयारीत घाला, त्याने या दुखापती बऱ्याच कमी होतात हे फुटबॉलवाल्यांच्या अभ्यासात दिसलंय. त्याला एक रुपया लागत नाही.

आईवडिलांना एवढंच सांगतो, पोराचा फोन आला की शीर भरलीय, तर विचारा पळताना एकदम आलं का, एका जागी बोट ठेवता येतं का. हो म्हणाला तर त्याला चोळून घेऊ देऊ नका आणि दुखणं दाबायची गोळी खाऊन पळू देऊ नका. पायावर उभंच राहवत नसेल, मांडीत खड्डा लागत असेल, बधिर वाटत असेल किंवा बैठका-रनिंगचा अतिरेक होऊन लघवी काळपट झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आपला,
एक जुना खो-खो खेळाडू, कराड तालुका