खळ्यांचा पण सर्वे करा

मा. संपादक,

कोळीवाड्यांच्या पुनर्विकासाच्या बातम्या हल्ली सारख्या येतायत आणि सगळ्या बातम्यांमधे हिशोब तोच, घरं किती, पात्र कोण, कार्पेट एरिया किती मिळणार. धंद्याच्या जागेचं काय, ते कुठे वाचायलाच मिळत नाही.

बोंबील वाळवायला वलांड्या म्हणजे बांबूच्या मांडण्या लागतात, जवळा पसरायला खळं म्हणजे मोकळं सपाट आवार लागतं, फाटलेली जाळी पसरून शिवायला जागा लागते आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बोटी वर ओढून डागडुजी करायला किनारा लागतो. नकाशावर हे सगळं मोकळा प्लॉट म्हणूनच दिसतं. त्यात खळं बहुतेक ठिकाणी सगळ्यांचं मिळून असतं, कोणा एकाच्या नावावर नसतं, त्यामुळे घरवाल्याला फ्लॅट मिळतो पण खळ्याच्या बदल्यात कोणालाच काही मिळत नाही. आणि त्यावर काम करतात त्या मुख्यतः बायका, म्हणजे पोट कोणाचं मारलं जातंय ते बघा. टॉवरच्या गच्चीवर बोंबील सुकवा म्हणणाऱ्यांनी सोसायटीच्या पहिल्या मीटिंगला जरूर हजर राहावं.

२०११ च्या सीआरझेड म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की १९८१ च्या विकास आराखड्यातले किंवा राज्य सरकारच्या रेकॉर्डमधले मुंबईतले कोळीवाडे नकाशावर आणून सीआरझेड ३ (त्या नियमांमधला एक वर्ग) जाहीर करायचे. सीमांकनाची भांडणं मात्र अजून चालूच आहेत.

पक्की घरं, नीट ड्रेनेज कोळ्यांनाही हवंय, कुटुंबं वाढली, गल्ल्यांमधे अॅम्ब्युलन्स शिरत नाही, हे सगळं खरं आहे. त्यांना विकासविरोधी म्हणणं मात्र फार सोपं झालंय. वरळीत क्लीव्हलँड बंदराच्या मच्छीमारांनी कोस्टल रोडच्या खांबांमधलं अंतर वाढवा म्हणून काम अडवलं तेव्हा पण हेच ऐकवलं गेलं, त्यांचं म्हणणं एवढंच होतं की लाटा आणि वारा असताना बोट सरळ रेषेत जात नाही, ६० मीटरच्या गाळ्यातून न्यायची म्हणजे खांबावर आपटायची भीती. शेवटी पालिकेने १२० मीटर मान्य केलंच ना, आणि मागणी तर त्याहून जास्त होती. आधीच विचारलं असतं तर एवढा वेळ गेला नसता.

सायन कोळीवाड्यातून आज समुद्र दिसत नाही, स्टेशनचं जुनं कोळीवाडा नावही जाऊन गुरु तेग बहादूर नगर झालं. उरलेल्या किनाऱ्यावर तरी हे टाळता येईल.

माझं म्हणणं एवढंच की कुठलाही प्लॅन पास करायच्या आधी खळी, वलांड्या आणि बोटी ओढायच्या जागा घरांपासून वेगळ्या मोजा आणि सामूहिक वापराची जागा म्हणून रेकॉर्डवर आणा. सर्वे दोनदा करा, एकदा हिवाळ्यात खळी भरलेली असताना आणि एकदा पावसाळ्यात बोटी वर घेतलेल्या असताना, नाहीतर साहेब नेमके चुकीच्या महिन्यात येऊन रिकामी जागा लिहून जातील. सोबत मासळी सुकवणाऱ्या बायकांना न्या, कोणाचं खळं कुठे संपतं ते त्यांना तोंडपाठ असतं.

आपला,
एक वाचक, वरळी