विहिरीवरचं व्होल्टेज सावरून दिलंत, त्याबद्दल

वायरमन काका, सप्रेम नमस्कार.

मोटार बंद ठेवून मीटर लावला की लांबच्या विहिरीवरही डीपीजवळ (ट्रान्सफॉर्मरपाशी) असतं तेवढंच व्होल्टेज दिसतं, कारण केबलमधून करंटच जात नसतो. म्हणून मोटार चालू ठेवूनच मोजायचं, हे तुम्ही शिकवलंत. पाच एचपीची सबमर्सिबल, 400 मीटर केबल. मीटरपेटीत 405 व्होल्ट आणि विहिरीवर 370. हे दोन आकडे तुम्ही खडूने स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेत, ते आम्ही पुसलेले नाहीत.

हिशेबही तिथेच मांडलात. करंट साडेसात अँपिअर, अडीच एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर) जाडीच्या तांब्याचा रोध किलोमीटरला 7.41 ओहम, थ्री फेजचे 1.732, पॉवर फॅक्टर (करंटचा प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) 0.85, म्हणजे सुमारे 33 व्होल्ट केबलमध्येच जातात. सुरू होताना करंट सहापट, पॉवर फॅक्टर मात्र बराच खाली, तरी तेव्हा ऐंशी-नव्वद व्होल्ट पडतात. विहिरीवरच्या स्टार्टरची कॉइल तेवढ्यावर धरत नाही, म्हणून त्यातला कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा स्विच) खडखडत होता. नवा स्टार्टर घ्यायचा आमचा बेत तुम्ही थांबवलात, याचे खास आभार.

हिशेबापेक्षा जास्तीचे दोन व्होल्ट कुठे जातात, तेही शोधलंत. मोटार चालू असताना केबलच्या जोडाच्या दोन बाजूंना मीटरच्या पिना टेकवल्यात: एका फेजवर तब्बल 3 व्होल्ट! एवढ्याशा जोडात 22 वॅट उष्णता. टेप वितळून तांबं काळं पडलेलं. पिळलेला जोड कापून तांब्याची स्लीव्ह क्रिंप केलीत, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवलंत.

केबल सहा एमएम तांब्याची टाकल्यावर घट 14 व्होल्टच्या आत आली. दहा एमएम अॅल्युमिनियमचा रोध तेवढाच आणि पैसेही कमी लागतात, फक्त टोकांना बायमेटल लग (तांबं-अॅल्युमिनियम जोडणारी टोपणं) हवेत, हेही सांगितलंत. दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर मोटारीच्या बाजूला लावलात, पण त्याने करंट कमी होतो, बारीक केबलची घट फारशी भरून निघत नाही, हे स्पष्ट बोललात. पेटीत व्होल्टेज वाढवणारा बूस्टर बसवायलाही नकार दिलात: शेजारचे पंप बंद झाले की व्होल्टेज वर जातं, त्यात बूस्टरची भर पडली की मोटारीला धोका.

पलीकडच्या विहिरीला 600 मीटर लागतील, मोटार तीच. सोळा एमएम अॅल्युमिनियम धरून घट 13 व्होल्ट येते. केबल आणण्याआधी हिशेब एकदा तपासून द्याल का?

आपले,
विहिरीचे वाटेकरी शेतकरी