उजवीकडची खुर्ची

कोच,

हे पत्र मराठीत लिहितोय, तुम्हाला वाचता येणार नाही हे माहितीये. इंग्रजीत दोनदा लिहून बघितलं, दोन्ही वेळेला ऑफिसच्या ईमेलसारखं झालं, म्हणून सोडून दिलं. लेक वाचून दाखवेल आणि ती अडेल तिथे तिची आई सांगेल. शिवाय हे आपल्या लोकांनीपण वाचावं असं वाटतंय, कारण पर्थमध्ये मराठी मंडळी आता बऱ्यापैकी आहेत आणि बहुतेकांची पोरं शनिवारी कुठल्या ना कुठल्या कोर्टवर असतातच. तुमचं नाव घालत नाही. तुम्हीच दम दिलाय की नाव टाकलंस तर पुढचा अख्खा सीझन तुला स्कोअर टेबलवर बसवीन, आणि ती ड्युटी मी एकदा केलीये, परत नको.

मागच्या वर्षी मे महिन्यात बास्केटबॉल खेळताना लेकीचा गुडघा गेला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला लिगामेंट फाटला. कोणी धक्का दिला नाही, कोणाशी टक्कर नाही, उडी मारून खाली आली आणि संपलं. मी तेव्हा लांब उत्तरेला पिलबारात खाणीच्या साईटवर, विमानाने जायचं, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी अशी माझी फिफोची नोकरी, तिच्या आईचा फोन आला तेव्हा मी डोंगराएवढ्या ट्रकच्या सावलीत उभा होतो आणि काहीही करू शकत नव्हतो. ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाला कोर्टवर परत जायला 9 ते 12 महिने, त्याच्या आधी हट्ट केला तर परत माझ्याकडेच येशील. पंधरा वर्षांच्या पोरीला बारा महिने म्हणजे काय ते ज्यांच्या घरात पंधरा वर्षांची पोर आहे त्यांनाच कळेल.

आता तिच्या आधीच्या क्लबबद्दल. नाव नाही घेत, घ्यायची लायकी नाही. सहा वर्षं खेळली तिथे. पहिल्या आठवड्यात फुलं आली, दुसऱ्या आठवड्यात मेसेज आला, तिसऱ्या आठवड्यात तिला टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं. कारण काय तर "ग्रुप फक्त अ‍ॅक्टिव्ह प्लेअर्ससाठी आहे". मी फोन केला तर त्यांचा कोच म्हणतो, बरी झाली की ट्रायलला येऊ दे, सगळ्यांसारखी. सगळ्यांसारखी! दहा वर्षं झाली मला इथे, इथल्या लोकांच्या सिस्टीमचं कौतुक करून करून भारतातल्या नातेवाईकांचे कान किटवले होते, आणि शेवटी काय, पळसाला पानं तीनच. चूक कोणाचीच नाही, नियमच तसा आहे, एवढं बोलून मोकळे.

त्यानंतर पोरगी बोलायची बंद झाली. म्हणजे बोलायची, पण "हो", "नाही", "भूक नाही". फिजिओला जायची, व्यायाम करायची, घरी येऊन खोलीचं दार लावून घ्यायची.

तुमच्याकडे ती आली ती खेळायला नाहीच. शाळेतली मैत्रीण तुमच्या टीममध्ये, तिचं गुरुवारचं ट्रेनिंग बघायला कुबड्या घेऊन गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तुम्ही तिला हाक मारलीत आणि तुमच्या शेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची होती तिच्यावर बसवलंत. इथपर्यंत ठीक आहे, कोणीही सभ्य माणूस कुबड्यावाल्या पोरीला खुर्ची देईल.

पण मग तुम्ही उठलात. सत्तरीचा माणूस, दोन्ही गुडघे कधीच कामातून गेलेले, उठताना तोंडातून आवाज आला (लेक तो आवाज फार छान काढते, बघा एकदा काढायला लावून). तिची खुर्ची तुमच्या डावीकडे होती. ती तुम्ही तिला उठवून स्वतः उचललीत, तुमच्या उजव्या बाजूला आणून ठेवलीत आणि म्हणालात, डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, इकडे बस आणि काय दिसतं ते सांग.

मी तिथे नव्हतो. लेकीने त्या रात्री मला साईटवर फोन करून सांगितलं, कित्येक आठवड्यांनी तिने आपणहून केलेला पहिला फोन होता तो. आणि ती सगळ्यात जास्त वेळ बोलली ती त्या खुर्चीबद्दल. "बाबा, त्यांनी खुर्ची *हलवली*." मला आधी कळेना की यात एवढं काय. फोन ठेवल्यावर कळलं. नुसती दया असती तर डावीकडची खुर्चीसुद्धा चालली असती. उजवीकडे आणलीत म्हणजे तुम्हाला तिचं ऐकायचं होतं.

त्या दिवशी ती म्हणाली की ती उंच मुलगी दर वेळी उजव्या हातानेच जाते, डावीकडे बॉल गेला की पास देऊन टाकते. तुम्ही शिट्टी वाजवून ट्रेनिंग थांबवलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, हिला जे दिसलं ते मला महिनाभरात नाही दिसलं. खरं होतं का खोटं देव जाणे. पुढच्या आठवड्यापासून खुर्ची तिची.

हे असं का सुचलं तुम्हाला ते मला नंतर तुकड्यातुकड्यांत कळलं, पार्किंगमध्ये, सॉसेज भाजताना, एकदा पावसात तुमची गाडी चालू होत नव्हती तेव्हा. अमेरिकेतलं छोटं कॉलेज, मग एनबीएच्या, म्हणजे तिकडच्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगच्या, एका टीमच्या कॅम्पमधून शेवटच्या यादीत नाव उडालं, आणि कोणीतरी सांगितलं की ऑस्ट्रेलियात 1979 पासून नॅशनल लीग सुरू झालीये, तिकडे बघ. मोठ्या लीगमध्येपण जागा मिळाली नाही, खालच्या लीगमधल्या एका छोट्या क्लबने घेतलं. त्यांच्याकडे पैसे एकाच माणसाचे होते आणि गरज दोघांची होती, खेळाडू हवा आणि कोचपण हवा. तुम्ही दोन्ही झालात. दिवसा शाळाशाळांत जाऊन पोरांना शिकवायचं, संध्याकाळी टीमला शिकवायचं, शनिवारी स्वतः खेळायचं आणि स्वतःलाच बदली करून बाहेर बसवायचं.

तुम्हाला वाटलं मला नवल वाटेल. मला कसलं नवल, मी माझगावचा, आमच्या चाळीच्या कबड्डी मंडळात कप्तान तोच कोच, तोच वर्गणी गोळा करणारा आणि तोच चुना मारून मैदान आखणारा. नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर बास्केटबॉल बघायला जायचो, तिथेही सीनियर पोरं खेळता खेळताच ज्युनियरांवर ओरडत असायची. पगार घेऊन परक्या देशात जाऊन हे करायचं म्हणजे मात्र वेगळी गोष्ट. आपलं माणूस ओरडलं तर ऐकून घेतात, परका ओरडला तर मनात ठेवतात.

तुमच्याकडून मी बरंच शिकलो या विषयात. बिल रसेलचं नाव मला माहिती होतं, पण 1966 मध्ये आधीचा कोच रेड आउरबाखनंतर बॉस्टन सेल्टिक्सने आपल्या या खेळाडूलाच कोच केलं, एनबीएतला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच, आणि खेळत खेळत 1968 आणि 1969 अशी दोन टायटल्स काढली हे नव्हतं माहिती. डेव्ह डीबशर तर 24व्या वर्षीच डेट्रॉइट पिस्टन्सचा प्लेअर-कोच. आणि एनबीएतला शेवटचा डेव्ह कॉवेन्स, 1978-79 चा सीझन, त्यानंतर तिकडे हा प्रकारच बंद. म्हणजे तिकडे दुकान बंद झालं आणि इकडे तुमच्यासारख्यांचं उघडलं.

पण तुमचा खरा हिरो कॅल ब्रुटन. त्याचं नाव निघालं की तुमचं सॉसेज जळतं, हे मी स्वतः बघितलंय. न्यूयॉर्कचा पोरगा, उंची जेमतेम पावणेसहा फूट, विचिटा स्टेटला खेळून ऑस्ट्रेलियात आला आणि इथलाच झाला, इतका की 1986 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ऑस्ट्रेलियाकडून खेळला. 1985 ला ब्रिस्बेनच्या टीमसोबत इथल्या नॅशनल लीगचं टायटल जिंकलं. 1987 ला पर्थ वाइल्डकॅट्सकडे प्लेअर-कोच म्हणून आला, टीम पेरी लेक्सच्या जुन्या स्टेडियममधून एंटरटेनमेंट सेंटरला गेली, आठ हजार लोकांची जागा, आणि त्याच वर्षी ग्रँड फायनल. हरले, तेही ब्रिस्बेनशीच! मग 1990 ला, आता फक्त कोच म्हणून, त्याच ब्रिस्बेनला हरवून पर्थचं पहिलं टायटल आणलं. आज पर्थच्या नावावर दहा टायटल्स आहेत. त्याचा मुलगा सीजे 1997 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, 52वा निवडला गेला, आणि आपल्या भारतातला सतनाम सिंग 2015 ला, तोही 52वा. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे पहिल्यांदा जरा आदराने बघितलंत.

तर खुर्ची. तुम्ही म्हणालात, पहिल्या सीझनला मी कोर्टवर गेलो की माझी खुर्ची रिकामी राहायची आणि आम्ही हरत सुटायचो. कारण कोर्टवर असलेल्याला मॅच दिसत नाही, त्याला फक्त अंगावरचा माणूस आणि बॉल दिसतो. टाइमआउट कधी घ्यायचा, कोण दमलंय, समोरचा कोण लंगडतोय, हे बाहेरूनच दिसतं. मग टीममधला एक खेळाडू जखमी झाला, अख्खा सीझन बाहेर, तुम्ही त्याला त्या खुर्चीवर बसवलंत आणि सांगितलंत, आता माझे डोळे तू. तुम्ही बाहेर आलात की तो सांगायचा आणि तुम्ही आत जाऊन ते करायचात. "त्याला वाटायचं मी त्याच्यावर उपकार केले. अरे, माझी नोकरी त्याने वाचवली."

आणि हे नियमात बसतं का असं मी विचारलं, माझा स्वभाव, तर तुम्ही हसलात. फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, नियमात आजही लिहिलेलं आहे म्हणे, कोच नसेल तर कप्तान प्लेअर-कोच होतो, आणि कप्तानाला कोर्ट सोडून बाहेर यावं लागलं तरी तो कोच म्हणून चालू राहू शकतो. मी घरी जाऊन शोधलं. खरंच आहे. एका क्लबच्या नियमात जखमी पोरीला ग्रुपमध्ये जागा नाही आणि जगाच्या नियमात बाहेर बसलेला माणूससुद्धा टीम चालवू शकतो. मी ते पान त्या आधीच्या कोचला पाठवणार होतो, बायकोने फोन हातातून काढून घेतला.

भली माणसं असतात हो, नाही असं नाही. फिजिओ भली होती, सर्जन भला होता, शेजारच्या आजींनी चार महिने सूप आणून दिलं ज्यात मीठ कधीच नव्हतं. पण बहुतेक भली माणसं आपल्याला काहीतरी देतात आणि बाजूला होतात. तुम्ही उलटं केलंत, तिच्याकडे मागितलंत, आणि ती त्यावर वाढली. वहीत खेळाडूंच्या सवयी लिहायची, कोण घाबरली की ड्रिबल जोरात मारते वगैरे. रात्री जेवताना मला प्रश्न, बाबा, तू असतास तर झोन लावला असतास का. मला झोन म्हणजे घंटा कळत नाही, मी म्हणायचो, नक्की.

दहा महिन्यांनी ती तुमच्याकडून खेळली. सहाच मिनिटं. मी त्या शनिवारी घरी होतो, त्यासाठी एका सहकाऱ्याशी शिफ्ट बदलून घेतली. एक बास्केट नाही, दोन फाउल, आणि एकदा बॉल हातातून सुटला तर तुम्ही असे काही ओरडलात की माझ्या शेजारची बाई दचकली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. ती आता तुमची पेशंट नव्हती.

बाहेर काढलंत तेव्हा ती सवयीने सरळ तुमच्या उजवीकडे आली. खुर्चीवर दुसरीच पोर होती, दहा-अकरा वर्षांची, मनगटाला प्लास्टर, मांडीवर लेकीचीच वही. लेक एक सेकंद थांबली, मग बेंचच्या टोकाला जमिनीवर जाऊन बसली आणि टॉवेल तोंडावर घेतला. ती छोटी तुमच्या कानाला लागून काहीतरी सांगत होती.

गुरुवारी भेटू.

तुमच्या टीममधल्या एका मुलीचा बाबा