कपाळावरची खूण

मिरज
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुहास,
सप्रेम जय ख्रिस्त.

माईंनी दुकानातला क्यूआर कोडचा फलक भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि जीव कळवळला. २०१९च्या पुरानंतर खराटा घेऊन ज्या बाईनं दुकानातला गाळ स्वतः उपसला, तिला ‘क्यूआर कोड म्हणजे सैतानी श्वापदाची खूण’ असं सांगत मोबाईलवर फिरणाऱ्या एका व्हिडिओनं असं घाबरवून सोडावं? राग आलाय मला. प्रकटीकरण हे बायबलमधलं शेवटचं, योहानाचं पुस्तक छळ सोसणाऱ्यांना धीर द्यायला लिहिलं गेलं, आणि आपली माणसं त्याचाच धाक घालतात.

तू त्यातल्या १३व्या अध्यायातल्या खुणेबद्दल विचारलंस. उजव्या हातावर किंवा कपाळावर श्वापदाची खूण असल्याशिवाय कुणाला काही विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, एवढंच त्या व्हिडिओत सांगितलं असणार. पण जरा पुढे वाच ना! १४व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच कोकऱ्यासोबत, म्हणजे ख्रिस्तासोबत, उभ्या असलेल्यांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं आहे. ते नाव शाईनं लिहिलंय असं कुणी म्हणत नाही. मग शेजारची खूण तेवढी यंत्रातली कशी? जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात देवाच्या आज्ञा हाताला आणि कपाळाला बांधायला सांगितल्या आहेत, योहानाच्या डोक्यात तेच होतं असं मला वाटतं. हात म्हणजे करणी, कपाळ म्हणजे मन. आपल्याकडे निकालाच्या दिवशी कपाळावरचा गुलाल बघून कोण कुणाचा ते कळतं की नाही, तसंच हे. तू कुणाचा, एवढाच त्या खुणेचा प्रश्न आहे.

आणि त्या श्वापदाचा आकडा, ६६६? हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. ‘नेरोन कैसर’, म्हणजे ख्रिस्ती लोकांना छळणारा रोमी सम्राट नेरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, आणि ‘नेरोन’मधलं शेवटचं ‘न’ गाळलं की बरोबर ५० कमी होतात. आपल्या जुन्या पोथ्यांत ‘वेद’ म्हणजे ४ आणि ‘नेत्र’ म्हणजे २ असायचे, ते वाचणाऱ्याला सांगावं लागत नसे. इफिस, स्मुर्णा, पर्गम या त्या काळच्या शहरांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांनाही हा आकडा असाच उमगला असणार. हे पुस्तक म्हणजे त्यांना लिहिलेलं पत्र होतं. आपण ते नंतर वाचतोय, हे विसरलं की सगळा घोटाळा होतो.

मला सगळ्यांत जवळचं चित्र ६व्या अध्यायातलं, काळ्या घोड्याचं. स्वाराच्या हातात तराजू, आणि आवाज येतो की दिवसाच्या मजुरीला शेरभर गहू, पण तेल आणि द्राक्षारसाला धक्का लावू नकोस. शेरभर म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या पोटापुरते. मग घरच्या लेकरांनी काय खायचं? आणि श्रीमंताच्या पंगतीतलं मात्र काहीच कमी होत नाही. गेल्या महिन्यात तासगावला एका द्राक्षबागेत गेलो होतो. कात्री घेऊन घड विरळणाऱ्या बाया दुपारी बांधावर बसून चटणी-भाकरी खात होत्या, डोक्यावर निर्यातीचा माल लटकलेला. मला ते वचन तिथं समजलं. भविष्यातला कुठला दुष्काळ शोधत बसायची गरजच नाही, तो तराजू रोज तोलतोय.

अजून एक. ५व्या अध्यायात योहानाला कुणी सांगतं, यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला. तो वळून बघतो तर समोर वधलेलं कोकरू! ७व्यात तो देवाचा शिक्का मिळालेल्यांचा १,४४,००० हा आकडा ऐकतो आणि बघतो तर मोजता न येणारा लोकसमुदाय. कानावर एक पडतं, डोळ्यांना दुसरं दिसतं. माझ्या मते हे पुस्तक कसं वाचायचं ते योहानानं इथंच दाखवलंय. श्वापदाची नखं मोजत बसणाऱ्यांचं लक्ष या कोकऱ्याकडे जातच नाही, याचं मला दुःख होतं.

मंडळीत हे मी बोललो तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी मला चांगलंच सुनावलं. म्हणाले, ‘तू शेवटचा काळ नाकारतोस.’ नाही रे. प्रभू येणार, हे मी मनापासून मानतो. त्याच्या येण्याचं वेळापत्रक मांडणं मला जमत नाही, आणि त्याची भीती घालणं तर नाहीच नाही.

येत्या शनिवारी मी सांगलीला येतो. माईंना आधी २१व्या अध्यायाची पहिली ओळ वाचून दाखवू. पात्म बेटावर चहूकडून पाण्यानं वेढलेल्या माणसानं लिहिलंय की नव्या पृथ्वीवर समुद्र राहिला नव्हता. कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली तेव्हा तुमच्या माळ्यावर तीन रात्री काढलेल्या माईंना त्याचा अर्थ मी काय सांगणार, त्याच मला सांगतील. चहा त्यांच्या हातचाच हवा म्हणावं. दुकानातून बिस्किटं मी घेईन आणि पैसे त्या फलकावरच देईन, तोवर तो सरळ करून ठेव.

तुझा,
विजय