दाराचे पैसे कोण देणार?

लेस्टर, इंग्लंड, रविवार

ती. बाबा व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर घरात चोरी झाल्याचं ऐकून आई इतकी घाबरली की बाकीचं सांगायचं राहूनच गेलं. आम्ही दोघंही कामावर होतो, कुणाला काही झालेलं नाही. लॅपटॉप आणि चांदीची निरांजनं गेली. मंगळसूत्र गळ्यातच होतं. इथे आपल्या लोकांच्या घरात चोर सोनंच शोधतात. पिठाचा डबासुद्धा ओट्यावर पालथा केला होता!

बाबा, तुम्ही विचारलंत, दाराचे पैसे कोण देणार? चोरांनी मागच्या दाराच्या कुलपाचं सिलिंडर, म्हणजे किल्ली घालतो तो भाग, मधोमध मोडलं. पितळेचा अर्धा तुकडा पायरीवर पडला होता. हे भाड्याचं घर सांभाळणारा मालकाचा एजंट आधी म्हणाला, "घर तुमच्या ताब्यात, तुम्हीच भरा." वर मालकाच्या विम्यातली एक्सेसची, म्हणजे विमा कंपनी देत नाही ती, रक्कमही आमच्याच माथी मारायला निघाला. मग ह्यांनी १९८५चा घरमालक-भाडेकरू कायदा काढला. कलम ११ प्रमाणे, सात वर्षांहून कमी मुदतीच्या करारात घराचा सांगाडा आणि बाहेरची बाजू दुरुस्त ठेवायची ती मालकाने. बाहेरची दारं-खिडक्या त्यातच आल्या. आम्ही दार उघडं टाकून गेलो असतो तर गोष्ट वेगळी. म्हणून तो तुकडा पिशवीत जपून ठेवलाय. पोलिसांनी दिलेला गुन्ह्याचा नंबर आणि फोटो ईमेलने पाठवल्यावर एजंटचा आवाज खाली आला.

डिपॉझिटची काळजी करू नका. दादाच्या पुण्याच्या घरमालकाने रंगाच्या नावाखाली कापले होते, तसं इथे सहज जमत नाही. डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं, आणि वाद झालाच तर तिथे फुकट निवाडा होतो.

न मोडणारं, सुरक्षेचे तीन तारे मिळालेलं सिलिंडर बसवा म्हटलं तर मालक नाही म्हणाला. होतं तसं करून दिलं की त्याची जबाबदारी संपली. राग आला, पण कायद्याने तो चुकत नाही. वरचा फरक आम्ही भरतो म्हटल्यावर लगेच तयार झाला, चिकट मेला!

आमच्या सामानाला मालकाचा विमा लागू नाही. आमचा वेगळा आहे, त्यातून लॅपटॉपचे मिळतील असं दिसतंय. निरांजनांची पावती मात्र नाही. आई, लग्नाच्या रुखवताच्या फोटोत ती असतील, शोधून व्हॉट्सॲपवर टाक. आजीला यातलं काही सांगू नका.

तुमची,
धाकटी