वादळाचा अलर्ट तालुक्याप्रमाणे द्या

संपादक साहेब,

वादळाचं नाव निघालं की आपल्याकडे लोक म्हणतात ते ओडिशाला, गोव्याला काय होतंय! बंगालच्या उपसागरात अरबी समुद्रापेक्षा चक्रीवादळं साधारण चौपट होतात हे खरंय, पण म्हणून आपण बिनधास्त राहायचं का? 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलं गुजरातेत, आपल्याकडून नुसतं बाजूने गेलं तरी झाडं वीजवाहिन्यांवर पडून किती गावं अंधारात होती आठवा.

आणि गोव्यातही धोका सगळीकडे सारखा नाही ना, पेडणे ते काणकोण किनारपट्टीला वारा आणि लाटा, सखल भागात भरतीच्या वेळी पाणी आत शिरायची भीती, तर सत्तरी-सांगेकडे घाटाला ढग अडून धो धो पाऊस, दरड, आणि एप्रिल-मेमध्ये विजांचा कडकडाट वेगळाच. मग जिल्ह्याला एकच ऑरेंज अलर्ट (सज्ज राहा असा हवामान खात्याचा इशारा) देऊन सत्तरीतल्या वाळपईच्या बागायतदाराने काय समजायचं?

ओडिशात 1999 च्या चक्रीवादळात जवळपास 10 हजार माणसं गेली, 2013 च्या फायलिन चक्रीवादळाला लाखो लोक आधीच हलवले म्हणून बळी फार कमी. आपल्याकडे निदान तालुकावार इशारा मराठी-कोंकणीत मोबाईलवर यावा, आणि तारांवरच्या फांद्या एप्रिलमध्येच छाटाव्यात, जून उजाडायची वाट बघू नये.

एक वाचक, फोंडा